समोरच्या घरापर्यंत तीस पावलं

मॉन्ट्रियल
२ नोव्हेंबर २०१६

ती. उल्काकाकू,

सा. नमस्कार. असंच लिहितात ना? शेवटचं पत्र मी सातवीत लिहिलं होतं, मराठीच्या पेपरात, आजारी मित्राला. पाच मार्कांचं. मित्राचं नाव विसरलो म्हणून एक मार्क कापला होता.

आधी दिवाळीच्या शुभेच्छा, मग माफी. ऑगस्टमध्ये तुमच्या बेसमेंटमधून न सांगता निघालो, किल्ली ओट्यावर ठेवून. चिठ्ठी लिहायची होती, पण पेन शोधत बसलो तर बस चुकेल असं वाटलं. खरं सांगू का, पेन समोरच होतं. तुम्ही 'थांब' म्हणाला असता आणि मी थांबलो असतो.

कॉलेज सोडलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही, प्लीज तुम्हीही सांगू नका. बाबा आणि मिलिंदकाका नागपूरला एका खोलीत राहायचे एवढ्या ओळखीवर तुम्ही मला आठ महिने ठेवून घेतलंत, आणि मी असा. मी आलो तेव्हा काका जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांना मी कधी पाहिलं नाही, फक्त त्यांचे बर्फाचे बूट वापरले. ते बूटही चुकून बॅगेत आले. म्हणजे चुकून नाही, मापाचे होते. डाव्या टाचेचा तुकडा निघालाय तिथून पाणी शिरतं, पण बूट भारी आहेत.

इथे एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. फोन सूपच्या पातेल्यात पडला, म्हणून हे पत्र. पातेलं चाळीस लिटरचं होतं. कोणी पाहिलं नाही, सूप खपलं.

बरं, मुद्दा. इथल्या मेट्रोत एक म्हातारा अकॉर्डियन वाजवतो त्याबद्दल लिहिणार होतो, पण तो मुद्दा नाही. मुद्दा हा की मंडळाच्या दिवाळी अंकात माझा लेख आलाय! 'गवत कापणारी माणसं'. जनार्दनकाकांनी एक शब्द न कापता छापला. हॅमिल्टनला मी एकच वर्ग नीट केला, साहित्यात आणि सिनेमात उपनगर कसं दाखवतात त्याचा. बाकीच्या वर्गांना झोपायचो, त्याला पहिल्या बाकावर. आपल्या डोंगरावरच्या वस्तीकडे बघायची एक दृष्टीच आली. सारखी घरं, सारखे ड्राइव्हवे, शनिवारी सकाळी प्रत्येक पुरुष गवत कापतो कारण त्याला रडता येत नाही, वगैरे.

तुम्ही वाचलात का? त्यातली खिडकीतली बाई तुम्ही नाही हं. म्हणजे घर तुमचं आहे, खिडकी तुमची आहे, पण बाई प्रतीक आहे.

कळवा.

ओजस

---

हॅमिल्टन
१४ नोव्हेंबर २०१६

चि. ओजस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पोस्टमन दारापर्यंत येणं बंद झाल्यापासून आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पेट्यांची रांग बसवली आहे, घरागणिक एक कप्पा, एक किल्ली, हे तुला ठाऊक आहेच. लेखात तू तिला 'पत्र्याच्या थडग्यांची रांग' म्हटलं आहेस. तर थडग्यातून तुझं पत्र काढलं, घरी आणलं, आधी चहा ठेवला आणि मग फोडलं.

लेख प्रतीकाने वाचला. प्रतीकाला जवळचं दिसत नाही, म्हणून चष्मा लावून दोनदा वाचला.

एक दुरुस्ती. काका गवत कापायचे ते रडता येत नाही म्हणून नव्हे. त्यांना गाता येत नव्हतं. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही म्हणून त्या अर्ध्या तासात ते मोठमोठ्याने गायचे, आणि आपलं गवत संपलं की शेजारच्या इटालियन म्हातारीचंही कापायचे, कारण गाणं उरलेलं असायचं. हे तुला माहीत असणं शक्य नव्हतं. पण मग लिहायचं कशाला?

एक वाक्य आवडलं. 'बघायला कोणी नसलेल्या रस्त्यावर या घरांना एवढ्या खिडक्या कशाला?' ते खरं आहे.

आता जे सांगायचं ते. तू लिहिलंस, 'समोरच्या घरापुढे अकरा गाड्या उभ्या होत्या, आतून बायकांचं हसणं येत होतं, आणि इकडे एक बाई खिडकीत बसून तिळाच्या वड्या कापत होती. रस्ता ओलांडायला तीस पावलं. पण उपनगरात कोणी रस्ता ओलांडत नाही.' मंडळाच्या फराळाला हॉलमध्ये कुणीतरी हे मोठ्याने वाचलं. बाई कोण हे सगळ्यांना कळलं, आणि समोरचं घर कुणाचं तेही. लोक हसले. अपूर्वा हसली नाही.

त्या दिवसापासून ती पेट्यांपाशी थांबत नाही. आधी संध्याकाळी कामावरून येताना ती तिथे गाडी थांबवायची, मी त्याच वेळेला जायचे, आणि आम्ही पंधरा-वीस मिनिटं उभ्याने बोलायचो. काय बोलायचो विचारशील तर काहीच नाही. तिच्या मुलाचं हॉकी, माझा गुडघा, मेथी कुठे चांगली मिळाली. आता गाडी चालू ठेवून उतरते, किल्ली फिरवते, कागद घेते, जाते. दोनदा मी हाक मारली. म्हणाली, "उल्काताई, मीटिंग आहे." संध्याकाळी सहाला.

अवंतिका कॅलगरीहून दर रविवारी सांगते, आई, स्प्रिंगला घर विकून टाक, इकडे ये, आमच्याच बिल्डिंगमध्ये छोटा कॉन्डो बघते. मी म्हणायचे, इथे माझं माणूस आहे समोर. आता काय म्हणू? मला हे घर सोडायचं नाही, ओजस. पण ज्या रस्त्यावर मराठीत एक वाक्य बोलायला कोणी नाही, तिथे राहण्याचा हट्ट किती दिवस धरणार?

तुझ्या त्या वर्गातल्या पुस्तकांची नावं पाठव. लायब्ररीत बघते. मला प्रतीक करणारे लोक कोण आहेत ते भेटायला हवेत.

बूट राहू देत. आणि फोन इतक्यात घेऊ नकोस. पत्र येणार असलं की पेटीपर्यंत जायला कारण मिळतं. एरवी पिझ्झाचे कागदच असतात.

उल्काकाकू

---

मॉन्ट्रियल
२९ नोव्हेंबर २०१६

ती. काकू,

वाईट वाटलं. खूपच. पण मला थोडं भांडायचंही आहे.

नावं वेगळ्या चिठ्ठीवर लिहिली आहेत, नऊ आहेत. सगळी मी वाचलेली नाहीत. चार वाचली, तीन पुस्तकांवरचे सिनेमे पाहिले, उरलेली दोन सरांनी इतकी छान सांगितली की वाचायची गरज उरली नाही. पण सगळ्यांत एकच गोष्ट निघते. बाहेरून हिरवं, आतून कुजलेलं. नवरा रोज त्याच वेळेला येतो आणि एक दिवस येत नाही. बायको गोळ्या घेते. पोरं छतावर बसून सिगरेट ओढतात आणि शहराकडे बघतात. एकात तर एक माणूस नुसता लॉनवर उभा राहतो, दहा पानं. सर म्हणायचे, उपनगर हे माणसाला एकटं पाडायला बांधलेलं यंत्र आहे. फुटपाथ नाही, दुकान नाही, कट्टा नाही, दोन माणसं सहज भेटतील अशी जागाच ठेवलेली नाही. मला ते ऐकताना अंगावर काटा आला होता. नागपूरला आमच्या चौकात पानठेल्यापाशी काम नसताना माणूस दोन तास उभा राहू शकतो. तुमच्या रस्त्यावर मी एकदा दहा मिनिटं उभा राहिलो तर एका बाईने पडदा सारून पाहिलं.

तर मी खोटं काय लिहिलं? तीस पावलं मी स्वतः मोजली होती. जानेवारीत मला येऊन तीनच आठवडे झाले होते, समोर एवढा गलका, आणि तुम्ही इकडे एकट्या वड्या कापत. मला राग आला होता, काकू. तुमच्यासाठी आला होता. बोलावणं नव्हतं तर काय झालं, शेजारचं घर आहे, आपली माणसं आहेत, सरळ जायचं ना! तुम्ही का गेला नाहीत? इथे येऊन आपली मराठी माणसंसुद्धा लॉनसारखी होतात, प्रत्येकाचा चौकोन वेगळा. मला एवढंच म्हणायचं होतं.

इथे तसं नाही. इथे बाहेरच्या जिन्यांवर लोक बसतात, गल्लीत गाणी चालतात. आम्ही सहा जण एका घरात राहतो, एकच वॉशरूम आहे, कोणी ना कोणी कायम दार वाजवत असतं. किचनमध्ये मला 'ल ग्राँ' म्हणतात, म्हणजे लांबडा. तीन महिने झाले. परवा कुरिअरवाला आला, ओजस कोण म्हणून विचारत होता, तर घरातल्या पाचही जणांनी सांगितलं, इथे असं कोणी राहत नाही. मी आत भांडी घासत होतो. पार्सल परत गेलं. आईने पाठवलेला चिवडा असणार.

हे मी का सांगितलं कळत नाही. अकॉर्डियनवाला म्हातारा हल्ली दिसत नाही.

ओजस

---

हॅमिल्टन
१३ डिसेंबर २०१६

चि. ओजस,

आशीर्वाद. नऊपैकी पाच पुस्तकं मिळाली. दोन पूर्ण वाचली, एक अर्धं, दोन चाळली. लायब्ररीतल्या मुलीने विचारलं, "तुम्ही कोर्स करताय का?" मी म्हटलं, "नाही, माझ्याबद्दल काय म्हणतात ते बघतेय."

माझं मत असं. लिहिणारे हुशार आहेत, पण बहुतेक सगळे तिथून पळालेले आहेत. तुझ्यासारखे. पळालेल्या माणसाला मागचं गाव मेलेलंच दिसावं लागतं, नाहीतर तो पळाला कशाला? एकाही पुस्तकात कुणी किराणा आणत नाही, फर्नेसचा फिल्टर बदलत नाही. आणि गंमत म्हणजे त्यातल्या सगळ्या बायकांना शेजारणी आहेत! त्या न विचारता येतात, कॉफी पीत बसतात, चुगल्या करतात, नवऱ्यावर डोळा ठेवतात. बायका त्यांना वैतागलेल्या असतात. मी वाचता वाचता म्हटलं, मला दे बाई तो वैताग.

आपल्या मंडळाच्या एकांकिका तरी कुठे वेगळ्या आहेत. दर वर्षी भारतातून आलेले आईबाप, बेसमेंट, इंग्रजीत ओरडणारा मुलगा, शेवटी विमानतळ. मी त्यात चारदा आई झाले आहे. खऱ्या आयुष्यात अवंतिका ओरडली नाही. तिला कॅलगरीला नोकरी लागली. मी तिला डबा भरून दिला. यावर एकांकिका होत नाही.

तू विचारलंस, का गेला नाहीत. मला वाटलं होतं, विचार करशील आणि कळेल. नाही कळलेलं. तुझ्या वयाच्या मुलाला कळायचं कारणही नाही.

तुला तारीख आठवते का? २४ जानेवारी, रविवार. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी व्हायची होती. समोर अपूर्वाकडे हळदीकुंकू होतं. अकरा गाड्यांमधून आलेल्या सगळ्या बायका नवरा असलेल्या होत्या. काका त्याआधीच्या मे महिन्यात गेले होते.

त्याआधी नऊ वर्षं तिच्या हळदीकुंकवाला मी पहिली असायचे. वाण काय द्यायचं ते आम्ही दोघी ठरवायचो. ती नवी आली तेव्हा तिला वड्यांचा पाक जमायचा नाही, तो मी शिकवला. सॉफ्टवेअरमधली मुलगी, पुण्याची, जुन्या मताची अजिबात नाही. तिने मला 'येऊ नका' असं कधीच म्हटलं नाही. फक्त त्या वर्षी बोलावणं आलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्याही सासूबाई गेलेल्या दिराच्या बायकोला बोलवायच्या नाहीत, तेव्हा मी वाटीत हळद कालवत गप्प बसले होते. तेच आता माझ्याकडे आलं.

आणि रस्ता कोणी ओलांडत नाही म्हणतोस? त्या दिवशी सकाळी अपूर्वाचा फोन आला. "उल्काताई, तुमची गुलाबदाणी मिळेल का आजच्या दिवस?" या सगळ्या वस्तीत चांदीची गुलाबदाणी एकट्या माझ्याकडे आहे. मी चिंचेने घासली, गुलाबपाणी भरलं, फडक्यात गुंडाळली. माझ्या गुडघ्याला बर्फाची भीती वाटत होती.

ती तू नेऊन दिलीस, ओजस. काकांचे बूट घालून. परत आलास ते वडी खात, आणि मला म्हणालास, "काकू, तीस पावलं आहेत फक्त. मोजली मी."

उपनगराने मला खिडकीत बसवलं नाही. गवताने नाही, गॅरेजने नाही. ते आम्ही नागपूर-पुण्याहून सामानात बांधून आणलं. तुझ्या नऊ पुस्तकांत ते सापडणार नाही.

तब्येत सांभाळ. चिवड्याचं पार्सल परत गेलं असेल तर आईला मीच फोन करते. कॉलेजचं बोलणार नाही.

उल्काकाकू

---

मॉन्ट्रियल
२२ डिसेंबर २०१६

काकू,

पत्र काल मिळालं. भांड्यांच्या मशीनपाशी उभ्यानेच वाचलं.

मला गुलाबदाणी आठवते. फडकं निळं होतं. अपूर्वाताईने दार उघडलं, दाराशी बुटांचा ढीग होता, तिने माझ्याकडे पाहून एकदम विचारलं होतं, "त्या काय करतायत?" मी म्हटलं, "वड्या कापतायत." ती काहीतरी बोलणार होती असं आता वाटतं. मी तेव्हा वड्यांच्या ताटाकडे बघत होतो.

मी जनार्दनकाकांना पत्र टाकलंय. संक्रांतीच्या पत्रकात अर्धं पान देतो म्हणाले तर मी खरं काय ते लिहीन. नावानिशी. माझी चूक, आणि त्या सगळ्या बायकांचीही. हा लेख पहिल्यापेक्षा चांगला होईल, माझ्या डोक्यात सुरुवात तयार आहे.

तुम्ही हो म्हणा फक्त.

ओजस

---

हॅमिल्टन
४ जानेवारी २०१७

चि. ओजस,

नाही.

जनार्दनना मी फोन करून सांगितलं आहे. पहिल्या लेखाने अपूर्वा पेटीपाशी थांबायची बंद झाली, दुसऱ्याने ती घर बदलेल. मला न्याय नको आहे. मला संध्याकाळची पंधरा मिनिटं परत हवी आहेत.

अवंतिकाला मी शब्द दिला आहे की फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला काय ते सांगते. त्याच्या आत मला एक करून बघायचं आहे. येत्या २२ तारखेला, रविवारी, दुपारी चार वाजता माझ्याकडे हळदीकुंकू आहे. होय, माझ्याकडे. बोलावणं एकट्या अपूर्वालाच केलं आहे.

फोनवर धीर झाला नाही. फोन केला तर ती 'मीटिंग आहे' म्हणेल आणि मला ते ऐकावं लागेल. म्हणून कार्ड लिहिलं. 'तिळगूळ घ्यायला आणि हळदीकुंकवाला ये.' एवढंच. वर तिकीट लावलं आणि पोस्टात टाकलं. समोरच्या घराला. ते कार्ड आधी कुठल्या तरी मोठ्या कचेरीत जाईल, शिक्का घेईल, आणि चार दिवसांनी माझ्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर येऊन माझ्या कप्प्याच्या खालच्या कप्प्यात पडेल. यावर तुझे सर काय म्हणतील?

मला भीती वाटते. ती आली नाही तर मी काय करीन ते माहीत आहे, घर विकीन. ती आली तर काय करीन ते माहीत नाही.

तू येशील का? काम काही नाही. दार वाजलं तर उघडायला आणि नाही वाजलं तर घरात कोणीतरी असावं म्हणून. बसचं तिकीट बघ. बेसमेंटमधला पलंग आहे तिथेच आहे.

उल्काकाकू

---

ग्वेल्फ
२६ जानेवारी २०१७

ती. काकू,

पत्ता बदललेला पाहून तुम्हाला कळलंच असेल की मी काहीतरी गोंधळ घातलाय.

मी येतो असं दोन ओळींचं कार्ड टाकलं होतं आणि खरंच निघालो होतो. सकाळच्या पहिल्या बसने. टोरंटोला गाडी बदलताना एक मुलगा भेटला, ओंटारिओभर सायकलने फिरतोय, जानेवारीत! त्याच्याशी बोलता बोलता हॅमिल्टनची बस गेली. पुढची तासाने होती. तो ग्वेल्फचा, म्हणाला माझ्याकडे जागा आहे, कधीही ये. असो.

डोंगरावर पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते, अंधार पडत होता. बसमधून उतरून कोपऱ्यापर्यंत आलो. पेट्यांपाशी थांबलो. तिथून तुमचं घर दिसतं आणि अपूर्वाताईचंही. तुमच्या ड्राइव्हवेवर एकही गाडी नव्हती. तिची गाडी तिच्याच दारात होती, काचेवर बर्फ तसाच. तुमच्या घरात दिवा होता, पडदा ओढलेला. मी म्हटलं, संपलं. ती आली नाही.

दहा मिनिटं उभा राहिलो असेन. पंधरा. टाचेतून पाणी शिरत होतं. मला काय वाटत होतं ते नीट सांगता येत नाही. मी दार वाजवलं असतं तर तुम्ही क्षणभर समजला असता की ती आली. मग दार उघडून मला पाहिलं असतं आणि हसून म्हणाला असता, 'बरं झालं, तू तरी आलास.' ते 'तू तरी' मला ऐकायचं नव्हतं. सगळं माझ्यामुळे झालेलं, आणि वर मीच वडी खायला हजर.

परत बसस्टॉपवर गेलो.

तुम्ही आता घर विकाल. मला माहीत आहे मला बोलायचा हक्क नाही, पण विकू नका. मी एवढ्या घरांत राहिलो, कुठेही कोणी मी कधी येतो ते बघत नव्हतं. तुमच्याकडे मी रात्री उशिरा आलो की वर तुमच्या खोलीतला दिवा बंद व्हायचा. मला तेव्हा ते पाळत ठेवल्यासारखं वाटायचं. लेखात ते वाक्य होतं, जनार्दनकाकांनी जागा नव्हती म्हणून कापलं. एक शब्दही कापला नाही असं मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं.

इथे सायकलवाला अजून परतलेला नाही. त्याच्या बहिणीने सोफा दिलाय. कुठे जायचं ते ठरलेलं नाही.

ओजस

---

हॅमिल्टन
१ फेब्रुवारी २०१७

चि. ओजस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आज आलं. पोस्टल कोड अर्धाच लिहिलास तरी आलं.

अपूर्वा आली होती. सव्वाचारला आली. तू कोपऱ्यावर उभा होतास तेव्हा ती आत माझ्यासमोर बसलेली होती.

तू पुन्हा गाड्या मोजल्यास. समोरच्या घरातून येणारी बाई गाडी कशाला काढेल?

काही फार झालं नाही. सुरुवातीला दहा मिनिटं आम्ही तिच्या फर्नेसबद्दल बोललो. मग मी उठले, हळदीकुंकू लावलं, वाण दिलं, गुलाबदाणी उचलली तर त्यातून काही येईना. भोकं बुजलेली. वर्षभर कोणी वापरलीच नव्हती. तिने पर्समधून सेफ्टीपिन काढली आणि दोघी चष्मे लावून भोकं मोकळी करत बसलो. मान खाली घातलेली असताना ती म्हणाली, "उल्काताई, मागच्या वर्षी मला कळेचना. बोलावलं तर तुम्हाला त्रास होईल, नाही बोलावलं तरी होईल. म्हणून गुलाबदाणी मागितली. वाटलं, तुमचं काहीतरी असावं घरात."

मला हे कधी सुचलंच नव्हतं, ओजस. वर्षभर मी ती गुलाबदाणी अपमान म्हणून मनात ठेवली होती. तुझा लेख चुकला म्हणून तुला एवढं सुनावलं, आणि मीही वाचण्यात चुकलेच होते.

जाताना तिने माझा करंडा उचलला. तिचा हात थांबला. मीच कपाळ पुढे केलं. त्यानंतर ती लवकरच गेली. साडेपाच झाले असतील. घर पुन्हा होतं तसं झालं. बेसमेंटमधल्या पलंगावर चादर घालून ठेवली होती, ती काढली नाही.

आज सकाळी अवंतिकाला फोन केला. म्हटलं, या वर्षी नाही. ती म्हणाली, "ओके, आई. पण रेलिंग लावून घे."

एक सांगायचं राहिलं. तू येऊन गेलास हे मला तुझ्या पत्राआधी ठाऊक होतं. शनिवारी रात्रभर बर्फ पडला होता, तू आलास तेव्हा पाहिलाच असशील. सोमवारी सकाळी मी पेटीकडे निघाले तेव्हा रस्त्यावरून बर्फ सारणारा नांगर अजून फिरायचा होता. अपूर्वाच्या दारापासून माझ्या दारापर्यंत पावलं उमटलेली होती, येतानाची आणि जातानाची. बघत बघत कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे पेट्यांपुढे बर्फ चांगला तुडवलेला होता. कुणीतरी एकाच जागी पाय बदलत बराच वेळ उभं राहिलं होतं.

डावी टाच तुटलेली. तो तळवा मी बावीस हिवाळे दाराशी पुसला आहे. ओजस, क्षणभर मला वाटलं ते काय आता लिहीत नाही. मग कळलं, तू आहेस.

मी तिथे उभी राहिले. पावलं कोपऱ्यावरून आली होती आणि कोपऱ्यावरूनच गेली होती. माझी आत्ताची पावलं सोडली तर पेट्यांपासून माझ्या दारापर्यंतचा बर्फ कोरा होता.

टाच शिवून घे. वड्या डब्यात ठेवल्या आहेत.

उल्काकाकू